सोळावी काडी

मोजणीबाईंनी आजवर एकोणीस माशांना नावं दिली होती आणि त्यांतलं एकही त्यांचं स्वतःचं नव्हतं. असणार तरी कसं? माशाचं वर्णन लिहिणाऱ्याने त्याला स्वतःचं नाव द्यायचं नाही, हा या धंद्यातला शिरस्ता. कुठे लिहिलेला नाही, पण मोडला तर लोक तोंडावर हसतात. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी नवा मासा हुडकायचा, आपल्या नावाला लॅटिन शेपूट जोडून ते त्याला द्यायचं, आणि आपण ‘अहो, कशाला उगाच’ म्हणत लाजायचं. बाईंची लाजायची तयारी गेली तीस वर्षं पूर्ण होती. प्रसंग तेवढा येत नव्हता.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, जिथे भिंतींना सुद्धा स्पिरिटचा वास येतो, तिथे बाईंचं टेबल होतं. टेबलावर मायक्रोस्कोप, चिमटा, सुई आणि मासे. मासे म्हणजे तरी काय, बोटाच्या पेराएवढे जीव. उष्ण मुलखातल्या ओढ्यानाल्यांत राहणारे, चंदेरी अंगाचे, शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका असलेले. सगळे त्यांना टिकल्या म्हणत. या टिकल्यांच्या तेवीस जाती. वरून पाहिलं तर तेवीसही सारख्याच, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. कुठली टिकली कुठल्या जातीची हे ठरवायचं तर खवले मोजायचे, परांतल्या काड्या मोजायच्या, ओळीने, एक एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते काम बाई करत. म्हणून त्या मोजणीबाई.

त्या तेवीस जातींत एक जात ग्रंथपालांच्या नावाची होती. एक संग्रहालयाच्या जीपच्या ड्रायव्हरच्या नावाची. एक आधीच्या संचालकांच्या नावाची, ज्यांना मासा फक्त ताटात ओळखता यायचा. आणि तीन जाती होत्या बाईंच्या नणंदेच्या नावाच्या. तीन! एक झाली, समजू शकतो. दोन झाल्या, योगायोग म्हणू. पण तीन म्हणजे अंगावर येण्याचीच गोष्ट होती.

नणंद आधी मैत्रीण होती. कॉलेजात दोघी एका बाकावर. बाई वर्गात पहिल्या येत, मैत्रीण सहावी-सातवी येई आणि तरी सगळे सर तिलाच हाक मारत. पुढे मैत्रिणीच्या भावाशी बाईंचं लग्न झालं आणि मैत्रिणीची नणंद झाली. बाई खुर्चीवर बसल्या ते बसल्याच. नणंदेने खांद्यावर जाळं टाकलं आणि ती ओढे पालथे घालत हिंडू लागली. गुडघाभर पाण्यात उभी राहायची, जाळं टाकायची, मासे बाटलीत घालून पाठवायची. यातला नवा कुठला आणि जुना कुठला हे बाई महिनोन्महिने मान मोडून शोधायच्या, आणि नाव लागायचं जिने पकडला तिचं. त्यातली दोन नावं तर स्वतः बाईंनीच दिली होती. द्यावीच लागली. पकडणाऱ्याला मान द्यायचा हाही शिरस्ताच. शिरस्ते सगळे नणंदेच्या बाजूचे होते.

घरी सासूबाईंच्या खोलीत त्या तीन माशांचे फोटो चौकटीत लावलेले होते. सासूबाई स्वभावाने गरीब. वर्षातून एकदा तरी त्या फोटोंकडे बघत विचारायच्या, “आणि यातला तुझा कुठला गं?” बाई म्हणायच्या, “माझा नाही त्यात.” मग सासूबाई म्हणायच्या, “होईल हो, होईल.” जणू पाळणा हलायचा राहिला होता.

तर एका रविवारी नणंद जेवायला आली. बुटांना चिखल, चेहरा उन्हाने रापलेला, आणि आल्या आल्या घरभर तिचंच हसणं.

“दादा, एक टिकली मिळालीये,” ती भावाला म्हणाली. “वरच्या धबधब्याच्या मागच्या डोहात. नऊ मिळाल्या. मला वाटतं नवी आहे.”

दादा म्हणजे बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर होते. ते म्हणाले, “तुमचं बरं आहे. आमच्याकडे बत्तीसच्या वर नवीन काही सापडत नाही.”

“मोजायला आण की माझ्याकडे,” बाई म्हणाल्या. शक्य तितक्या सहज म्हणाल्या.

“अगं, मुंगीला दिली या वेळी. तिला नोकरीत पक्कं व्हायला एक चांगला लेख हवाय. तूच तयार केलेली पोरगी, छान लिहील.” आणि मग नणंद डोळे मिचकावून म्हणाली, “आता बघू या, या वेळी कोणाचं नाव लागतंय ते! काय, वहिनी?”

एरवी ती बाईंना नावाने हाक मारायची. चिडवायचं असलं की वहिनी. बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. चौथा! आणि तोसुद्धा मुंगीच्या हातून. मुंगी बाईंची विद्यार्थिनी. पाच वर्षं बाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसून, न कंटाळता काड्या मोजायला शिकली म्हणून बाईंनीच तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. आता ती दुसऱ्या कॉलेजात शिकवत होती. कधीतरी मुंगी आपल्या नावाचा मासा करील, ही आशा बाईंनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, पण जपून ठेवली होती. तीही नणंदेने जाळ्यात ओढली होती.

दोन महिन्यांनी मुंगीचा लेख बाईंच्याच टेबलावर तपासायला आला. येणारच होता. टिकल्या कळणारी माणसं दोनच, आणि दुसरी होती नणंद. संग्रहालयाच्या पत्रिकेची एक जुनी पद्धत होती: लेख कोण तपासतंय हे लेखकाला सांगायचं नाही, आणि नव्या माशाचं नाव तपासणाऱ्याला सांगायचं नाही. नावाच्या जागी लेखात कोरी रेघ सोडायची आणि नाव बंद पाकिटात संपादकांकडे द्यायचं. पूर्वी कधी काळी एका विद्वानाने तपासायला आलेल्या लेखातलं नाव उचलून दुसरीकडे छापून टाकलं होतं म्हणे, तेव्हापासून ही पाकिटं. तेव्हा बाईंच्या समोर होती ती कोरी रेघ. पण त्या रेघेवर काय येणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा होता?

लेख चांगला होता. वाईट असता तर बरं झालं असतं. सगळी मदार एका गोष्टीवर होती. पोटाखालच्या मागच्या परात, नणंदेच्या नऊही माशांना सोळा काड्या होत्या. या माशांना सर्वांत जवळची जुनी जात जी, तिच्यात तेरा ते पंधरा. पंधराच्या वर कधीच नाही. ठिपक्याचा आकारही निराळा होता, पण ठिपका स्पिरिटमध्ये विरतो, त्याच्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. म्हणजे सोळावी काडी हाच काय तो नव्या जातीचा पुरावा.

बाईंनी कपाटातून जुन्या जातीची बरणी काढली. एकेचाळीस मासे. एक एक भिंगाखाली घेऊन मोजायला लागल्या. चौदा. चौदा. पंधरा. तेरा. दोन दिवस मोजत होत्या. अडतिसाव्या माशापाशी थांबल्या.

इथे एक सांगायला हवं. या परातली शेवटची काडी मुळापासूनच दुभंगलेली असते. दिसतात दोन, पण खालचा बुंधा एक, म्हणून ती एकच धरायची. एखाद्या माशात ही फाटाफूट इतकी खोल असते की दोन वेगळ्या काड्याच वाटतात. मग सुईने तिथली कातडी जराशी मागे सारायची आणि बुंधा पाहायचा. एक बुंधा, एक काडी. हे बाई नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवत.

अडतिसाव्या माशात शेवटच्या दोन काड्या चांगल्या लांब लांब दिसत होत्या. दोन धरल्या तर सोळा होत होत्या. बाईंनी सुई उचलली. मग त्यांच्या मनात नणंदेचं हसणं आलं, ते ‘काय, वहिनी’ आलं, आणि त्यांनी सुई होती तिथे ठेवून दिली. खोटं काही लिहिलं नाही त्यांनी. दिसलं ते लिहिलं. फक्त पाहायचं तेवढं पाहिलं नाही. वहीत मांडलं, सोळा.

अहवाल सरळ होता. ‘जुन्या जातीतही काड्यांची संख्या सोळापर्यंत जाते. सबब प्रस्तुत मासा निराळी जात ठरत नाही.’ खाली सही. संपादकांनी वाचला, मान हलवली, आणि लेख व पाकीट दोन्ही मुंगीला परत पाठवलं. त्या संध्याकाळी बाईंना कडकडून भूक लागली. दोन घास जास्तच जेवल्या. खोटं कशाला बोला, बरं वाटलं त्यांना. नणंदेचा चौथा मासा बुडवला याचा सरळ सरळ आनंद झाला.

आठ दिवसांनी मुंगी आली. दुपारची वेळ, बाईंच्या टेबलावर चहा. मुंगी डोळे सुजवून आली होती.

“मॅडम, लेख परत आला.”

“अगं बाई! का?”

“तपासणाऱ्याला जुन्या बरणीत सोळावाली सापडली. मी सगळे एकेचाळीस पाहिले होते. पंधराच्या वर एकही नव्हता.” मुंगी नाक पुसत म्हणाली. “माझंच चुकलं असणार. कोण आहे कोण जाणे, बाहेरचाच कुणी असेल, पण माझ्यापेक्षा बारीक मोजणारा आहे.”

बाईंनी चहाचा कप तोंडाला लावला, तो लावूनच ठेवला.

“तुम्हाला छापून आल्यावर दाखवणार होते,” म्हणत मुंगीने पिशवीतून ते पाकीट काढलं. अजून चिकटवलेलं होतं. “आता काय, सगळंच संपलंय. बघा तरी.” तिने बोटाने पाकीट फाडलं आणि आतला कागद बाईंच्या पुढे सरकवला.

कागदावर बाईंचं नाव होतं. पुढे लॅटिन शेपूट. खाली मुंगीच्या बारीक अक्षरात दोन ओळी: ‘या माशांच्या काड्या कशा मोजायच्या हे जिने मला शिकवलं, तिच्या सन्मानार्थ.’

बाईंच्या हातातला कप बशीत आपटला.

“माझं? पण पकडला तर तिने.”

“हो ना, मी ताईंचंच देणार होते. पण त्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, मला तीन पुरे. वहिनीचं दे. ती मेली तरी बोलायची नाही, पण तिला हवंय.”

आता इथे बाईंना पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. झाला, पण नंतर. आधी झाला तो संताप, पायापासून डोक्यापर्यंत. तीन पुरे म्हणे! म्हणजे हिला इतकं मिळतं की वाटायला उरतं? तीस वर्षं मान मोडून ज्याची वाट पाहिली ते हिने हातावरचं पाणी झटकावं तसं झटकून द्यायचं? आणि ‘तिला हवंय’! म्हणजे इतकी वर्षं हिला दिसत होतं. रविवारी जेवताना, फोटोंपुढे उभं राहताना, प्रत्येक वेळी हिला दिसत होतं आणि ही हसत होती. मुंगी गेल्यावरही बाई किती तरी वेळ तशाच बसून होत्या. आपण आपलाच मासा बुडवला हे कळायला त्यांना अर्धा तास लागला.

घरी आल्या तर यजमान हसत होते. “धाकटीचा फोन होता. तापलीये नुसती. म्हणाली, लेख तपासणारा तो गाढव कोण आहे हे कळलं तर तुझ्या दवाखान्यात पाठवते, सगळे दात काढ त्याचे, भूल न देता.”

“काय जेवायचंय?” बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्याचं दार त्यांनीच उघडलं. बरणी काढली, अडतिसावा मासा भिंगाखाली ठेवला आणि सुईने कातडी मागे सारली. एक क्षणाचं काम. बुंधा एक होता. काड्या पंधरा. बाईंना ते आधीपासून माहीत होतं. माहीत नसतं तर सुई खाली ठेवलीच नसती.

त्या तशाच वर संपादकांकडे गेल्या. संपादक प्रत्येक कागद दोनदा वाचणारे, सावकाश गृहस्थ.

“टिकलीच्या अहवालात माझी मोजणी चुकली,” बाई म्हणाल्या. “मासा नवा आहे. मला दुसरा अहवाल द्यायचाय.”

“चुकते माणसाची,” संपादक म्हणाले. “द्या ना. लेख परत मागवू. नवं पाकीट घेऊ. फक्त छापायच्या आधी पाकीट फोडलं की मला एवढंच बघावं लागतं, की आत तपासणाऱ्याचं स्वतःचं नाव नाही ना.”

“आणि असलं तर?”

“तर लेख दुसऱ्या कुणाकडे. आता दुसरं आहे कोण? तुमच्या नणंदबाई. मासा त्यांनीच पकडलेला, त्या कशा तपासणार? म्हणजे लेख पडून राहणार.”

“आणि नणंदेचं नाव असलं तर?”

संपादक मनापासून हसले. “ते चालेल. भावजयीने नणंदेवर मेहेरबानी केली असा आरोप आजवर जगात कुणी केलेला नाही.”

बाईही हसल्या. हसावंच लागलं. जिना उतरताना त्यांच्या मनात दोन विचार एकामागून एक आले. पहिला, मुंगीला खरं सांगून टाकावं, आणि दुसरा फार वाईट होता. तो असा, की गप्प बसावं. मुंगीला तर आपलीच मोजणी चुकली असं वाटतंय. चार-पाच वर्षांनी कुणीतरी ती बरणी पुन्हा उघडील, बुंधा पाहील, आणि त्या वेळी नाव बाईंचंच लागेल. नुसतं गप्प बसायचं. त्यात काहीच करायचं नव्हतं. तळमजल्यावर येईपर्यंत तो विचार त्यांना चांगलाच पटत आला होता. मग टेबलावर मुंगीने काल ओल्या हातांनी ठेवलेला कागद दिसला, आणि तिचं ते ‘माझंच चुकलं असणार’ आठवलं. पोरीची नोकरी त्या लेखावर लटकलेली होती. बाईंनी बरणी पिशवीत घातली आणि रिक्षा केली.

मुंगीच्या कॉलेजातली प्रयोगशाळा रिकामी होती. ओळीने स्टुलं, बेसिनांवर गळके नळ, फळ्यावर कुणी तरी काढलेलं माशाचं हृदय. मुंगी उभी राहिली. “मॅडम, तुम्ही? मला बोलवायचं की.”

बाई बसल्या नाहीत. बसल्या असत्या तर बोलता आलं नसतं.

“तो अहवाल माझा होता.”

मुंगी आधी हसली. बाई थट्टा करत नाहीत हे तिच्या लक्षात आलं तेव्हा हसू चेहऱ्यावरच राहिलं, त्याला जायला वेळ लागला.

“मग सोळावाली…”

“सोळावाली नाही. पंधराच आहेत. मी सुई लावली नाही.”

“विसरलात?”

“नाही.”

नळ ठिबकत होता. मुंगी बेसिनापाशी गेली, तो घट्ट बंद केला, परत आली.

“का पण, मॅडम?”

“मला वाटलं, पाकिटात तिचं नाव आहे.” बाई म्हणाल्या. “मी जळले. इतकंच. दुसरं काही कारण नाही.”

पाच वर्षं शेजारच्या स्टुलावर बसलेली पोरगी, तिचा चेहरा बाईंना पाठ होता. हा चेहरा त्यांनी आधी पाहिलेला नव्हता.

“लेख पुन्हा पाठव,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “मी खरं ते लिहून देते. पण पाकिटातलं नाव बदलावं लागेल. माझं असलं तर मला तपासता येत नाही.”

“नाव तर बदलणारच आहे,” मुंगी म्हणाली. शांतपणे म्हणाली, आणि नियमामुळे नव्हे, हे दोघींनाही कळलं.

“तिचं दे. पकडला तिने.” हे म्हणताना सुद्धा, या अशा वेळी सुद्धा, बाईंच्या काळजात बारीक कळ आलीच. चार. माणूस काही इतक्या लवकर सुधारत नाही.

मुंगीने मान डोलावली. मायक्रोस्कोप पुढे ओढला, दिवा लावला. “बरणी आणलीयेत ना? दाखवा.”

बाईंनी अडतिसावा मासा काढून भिंगाखाली ठेवला. सुईने कातडी सारली. “हे बघ. बुंधा एक. पंधरा.”

“सरका जरा,” मुंगी म्हणाली.

ती स्टुलावर बसली, डोळा भिंगाला लावला आणि ओठांतल्या ओठांत एकपासून मोजू लागली. बाई शेजारी हात बांधून उभ्या राहिल्या. तीस वर्षांत त्यांच्या मागून पुन्हा कुणी मोजलं नव्हतं.

“पंधरा,” मुंगी म्हणाली. तिने ते कागदावर लिहिलं, मासा बाजूला ठेवला, आणि बरणीतला पहिला मासा चिमट्याने उचलला. एकेचाळीस होते. ती सगळे मोजणार होती. बाईंना बसा म्हणाली नाही.